घर मांजरीसकट

७ फेब्रुवारी १९९९, रविवार. मोखाडा.

घर मिळालं. दोन खोल्या, मागे मोरी, वर माळा, कौलारू छप्पर. मालक हरिभाऊ, निवृत्त शिक्षक, भिंतीपलीकडच्या भागात राहतात. एकट्या बाईला घर देणारे गावात हे एकच निघाले, त्यामुळे पसंती-नापसंतीचा प्रश्न नव्हता.

अटी दोन. पहिली: माळा त्यांचा. तिथे त्यांच्या वडिलांच्या वेळचा नृसिंहाचा मुखवटा आहे, कागदाच्या लगद्याचा. त्यांच्या मूळ गावी अक्षय तृतीयेला बोहाडा असतो, म्हणजे देवांचे मुखवटे घालून संबळाच्या तालावर नाचतात. नृसिंहाचा मान यांच्या घराण्याकडे. हरिभाऊंचे गुडघे गेलेत. यंदा शेवटचं नाचणार, पुढच्या वर्षीपासून पुतण्या. हे सगळं चहा गार होईपर्यंत सांगितलं. ऐकलं. विषय माझा नव्हे.

दुसरी अट: घर मांजरीसकट आहे. नाव ठकी. "भाड्यातच धरलीय तिला," त्यांच्या पत्नी पुष्पाकाकू म्हणाल्या. मला विनोद वाटला. हसले. त्या हसल्या नाहीत.

संकल्प. घराची सगळी दुरुस्ती स्वतः करायची. मी स्थापत्य अभियंता आहे, नळाच्या वॉशरसाठी कोणाच्या दारात जाणार नाही. आणि सुशीलदादाला पत्र लिहायचं नाही. तो निरोपाला एस.टी. स्टँडवर म्हणाला होता, दिवाळीच्या आत सांगलीला परत येशील.

९ फेब्रुवारी.

आईचं पत्र. "परमुलखात जपून राहा." एकाच राज्यात आहे म्हणून कळवणार होते. पण तीन बस बदलून यावं लागतं, दूधवाल्याचं बोलणं निम्मं समजत नाही आणि त्याला माझं. परमुलूख म्हणायला हरकत नाही.

सदर मांजर पाहिली. पिवळी, रुंद तोंडाची, डाव्या कानाला खाच. बंधाऱ्याच्या नकाशाच्या ट्रेसिंगवर झोपली होती. उठवल्यावर आधी आळस दिला, मग उठली. नदीपात्रात चार नवे खड्डे आणि एक लांब ओरखडा. ट्रेसिंग पुन्हा काढणं आलं.

सध्या दुर्लक्ष करायचं धोरण.

१२ फेब्रुवारी.

मोरीचा नळ गळतो. वॉशर बदलला. गळतो. आटे साफ करून धागा गुंडाळला. आता दोन ठिकाणी गळतो. काकूंनी येऊन चिंधी बांधली, थांबला. ही तात्पुरती उपाययोजना आहे हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो बाई, माझ्या लग्नापासून तात्पुरतीच बांधतेय."

चिंधी तूर्त ठेवली आहे. पाणी येतं तासभर, तेवढ्यात तत्त्वाचा प्रश्न काढण्यात अर्थ नाही.

१५ फेब्रुवारी.

मांजर कौलांवरून चालते आणि कौलं सरकतात. एक आज माझ्या जेवणाच्या ताटात पडलं. आमटी गेली. शिडी लावून वर गेले, कौल बसवलं, कडेने सिमेंटचा लेप दिला. काम चांगलं झालं. सदर मांजर पन्हाळीवर बसून पाहत होती. मी खाली उतरताच ओल्या लेपावरून चालत गेली, रमत. पंजे स्पष्ट उमटले आहेत, सही केल्यासारखे.

२० फेब्रुवारी, सकाळ.

उठले तर उशीवर उंदराचं डोकं. फक्त डोकं.

हा इशारा आहे. दूध झाकून ठेवायला लागल्यापासून तिचं वागणं बिघडलं होतंच, पण या थराला जाईल असं वाटलं नव्हतं. काकूंना सांगितलं. त्या कौतुकाने म्हणाल्या, "तुम्हाला आणून दिलं? आम्हाला तर कधी वाटा देत नाही ती." या घरात न्याय मिळणार नाही.

उशीची खोळ फेकली. आईने भरतकाम केलेली होती.

२२ फेब्रुवारी.

आज शेपूट. चपलेत.

२४ फेब्रुवारी.

हरिभाऊ आणि काकू नाशिकला गेले. मुलगी हर्षदा बाळंत व्हायची आहे. बोहाड्याच्या तोंडावर येणार. जाताना हरिभाऊंनी दोन गोष्टी बजावल्या: ठकीला रोज दूध, आणि माळ्याच्या फळीतलं भोक आहे तसं राहू द्यायचं, बुजवायचं नाही. का, ते मी विचारलं नाही. वाईट सुतारकामाला लोक परंपरा म्हणतात, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलंय.

एस.टी.त चढताना काकू रडल्या. माझ्यासाठी नव्हे. "ठकीला सांभाळा हो."

२७ फेब्रुवारी.

आज द्यायचा होता तो अंतिम नकाशा. गुंडाळी कोपऱ्यात उभी ठेवली होती. त्यावर सदर मांजरीने जे केलं ते इथे लिहीत नाही. वास अजून आहे. साहेबांनी नकाशा उघडला, मिटला, आणि विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

मला राग आलेला नाही. रागावलेली माणसं चुका करतात. मी सूड घेणार आहे, शांतपणे आणि टप्प्याटप्प्याने.

१ मार्च.

पहिला टप्पा पूर्ण. माळा हा तिचा बालेकिल्ला. दिवसभर तिथे असते, फळीतल्या भोकातून ये-जा. भोकावर बारीक जाळी ठोकली, चारी बाजूंनी पट्ट्या, स्क्रू. माळ्याच्या दारालाही जाळीची चौकट. ती बाहेर असतानाच काम उरकलं. संध्याकाळी आली, जाळी हुंगली, माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत होते. सावकाश प्याले.

हे घर आता एका अभियंत्याचं दिसतं.

४ मार्च.

दुसरा टप्पा. हद्दपारी.

सूर्यमाळला बंधाऱ्याच्या जागेची पाहणी होती. सदर मांजरीला तळलेल्या बांगड्याचं आमिष दाखवून सिमेंटच्या गोणीत घातलं. दोन्ही मनगटांवर ओरखडे. जीप चालवणाऱ्या रोहिदासने विचारलं, गोणीत काय. सॅम्पल, म्हणाले. घाटात तो म्हणाला, "मॅडम, सॅम्पल ओरडतंय." मी म्हणाले, पुढे बघ. पुढच्या वळणावर म्हणाला, "मॅडम, सॅम्पल शिव्या देतंय. आमच्या आईसारखी."

पाड्याच्या अलीकडे, जांभळाच्या झाडाखाली गोणी सोडली. बाहेर आली, अंग झटकलं, पंजा चाटला. पळाली नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. मला जरा अपेक्षा होती.

उंच जागा, हवा चांगली. तिला वाईट ठिकाणी टाकलं असं कोणी म्हणू शकणार नाही.

६ मार्च.

शांतता. उशी स्वच्छ. चप्पल स्वच्छ. नवी ट्रेसिंग तीन तासांत काढली. आयुष्यात योग्य वेळी कठोर व्हावं लागतं. हे आधी कळलं असतं तर माझा साखरपुडा मोडण्याचा तो प्रकारही महिनाभर लांबला नसता. असो.

१० मार्च.

माळ्यावर आवाज.

१२ मार्च.

आवाज रोज. दिवसासुद्धा. धावपळ, खडखड, मधूनच काहीतरी गडगडत जातं. आता शंका नाही: परत आली. सूर्यमाळहून चालत. द्वेष इतक्या लांबवर चालवू शकतो याचं मला आश्चर्य वाटत नाही.

प्रश्न: जाळी शाबूत असताना आत कशी? उत्तर: कौलाच्या फटीतून आली असणार. मग बाहेर का पडत नाही? कारण आत आल्यावर कौल सरकून पूर्ववत बसलं. माझी दुरुस्ती इतकी पक्की आहे. थोडक्यात, ती माझ्याच बांधकामात कैद झाली.

स्टुलावर उभी राहून माळ्याकडे तोंड करून म्हणाले, "बस आता." वर एकदम सामसूम. समजलं तिला.

१३ मार्च.

तत्त्वाचा प्रश्न. कैदी असला तरी खाणं द्यावं लागतं. भुकेने मेली तर हरिभाऊंना काय सांगणार, आणि मुख्य म्हणजे सूड अर्धवट राहील. जाळीच्या चौकटीत बशी जाईल एवढी झडप केली, बिजागरी लावून. सुबक झाली आहे. बशीभर दूध आत सरकवलं. आत पाहिलं नाही. नजरानजर झाली की तडजोडी सुरू होतात.

१४ मार्च.

बशी रिकामी. धन्यवाद नाहीत.

१९ मार्च.

कैद्याची भूक वाढली आहे. दूध, भाकरी, काल थोडा भातही. सगळं फस्त. बशीत बारीक काळं काहीतरी पडलेलं असतं, जुन्या छपराची घाण असावी. कुरतडण्याचा आवाज येतो. मांजरी कुरतडत नाहीत, पण ही मला त्रास द्यायला काहीही शिकेल.

जाता-येता तिला दोन शब्द सुनावते. आज कचेरीत काय झालं, कोण काय म्हणालं, हेही त्यात येतं. उलट उत्तर नसल्यामुळे संवाद चांगला होतो.

२७ मार्च.

नाशिकहून कार्ड. हर्षदाला मुलगी झाली. हरिभाऊंच्या अक्षरात खाली: "ठकी बरी आहे ना? गुडघ्याला तेल लावतोय. नृसिंहाने यंदा तारून न्यावं, मग सुटलो." काकूंच्या अक्षरात त्याच्याही खाली: "नळ?"

उत्तर लिहिलं. ठकी माळ्यावर आहे, खाऊन-पिऊन सुखी आहे. एक अक्षर खोटं नाही.

५ एप्रिल, सोमवार.

जीपमध्ये रोहिदास सहज म्हणाला, "मॅडम, तुमचं सॅम्पल सूर्यमाळला मजेत हाय." कोणतं सॅम्पल. "पिवळं. सुकीबायच्या घरात. काल बघितलं, ही एवढी लठ्ठ."

मी म्हणाले, दुसरी असेल. तो म्हणाला, "कानाला खाच हाय ना? मग तीच."

पुढचे दोन तास बंधाऱ्याच्या पायाचं माप घेतलं. चार वेळा घेतलं. चार वेळा वेगळं आलं.

प्रश्न एकच. मग माळ्यावर दूध कोण पितंय?

५ एप्रिल, संध्याकाळ.

चौकट काढली. विजेरी घेऊन वर गेले.

उंदीर. संख्या लिहीत नाही. मला पाहून पळालेसुद्धा नाहीत, बशीची वेळ झाली असं वाटलं असावं.

नृसिंहाचा मुखवटा लाल फडक्यात होता. फडकं नाही. नाक नाही. वरचा ओठ, दोन्ही गाल, आयाळ, कान, काही नाही. लगदा मैद्याच्या खळीने बांधलेला असतो, ती खळ त्यांनी आवडीने खाल्ली. कपाळ आणि खालचा जबडा शिल्लक. मधल्या पोकळीत चिंध्यांचं घरटं, त्यात पिल्लं, गुलाबी.

घर मांजरीसकट का होतं, ते समजलं. हरिभाऊंनी सरळ शब्दांत सांगायला हवं होतं. अपूर्ण तपशिलावर काम केलं की असं होतं. चूक त्यांची, निदान अर्धी.

अक्षय तृतीया १८ तारखेला.

६ एप्रिल.

विचार केला. मुखवटा नाही तर हरिभाऊ नाचणार नाहीत. नाचले नाहीत तर घराण्याचा मान असा संपणार, उंदरांच्या पोटात. आणि मी संध्याकाळच्या गाडीने सांगलीला. स्टँडवर सुशीलदादा उभा असेल. काही बोलणार नाही. नुसती बॅग घेईल हातातून. ते मला सहन होणार नाही.

जव्हारला मुखवटे करणारे आहेत. पण त्यांना विचारलं तर बातमी हरिभाऊंच्या आधी गावात पोचेल.

निर्णय: एक, मांजर परत आणणे. दोन, मुखवटा स्वतः दुरुस्त करणे. बंधारा उभारणारीला एक नाक जड नाही.

८ एप्रिल. सूर्यमाळ.

सुकीबाईचं घर पाड्याच्या टोकाला. अंगणात नाचणीच्या कणगीवर सदर मांजर पसरली होती. मी माझं काम सांगितलं. सुकीबाई लुगड्याचा काष्टा खोचत म्हणाली, "तुमी टाकली, आमी उचलली. चांगली हाय बाय. कणगीला एक उंदीर शिवत नाय."

मी म्हणाले, ती टाकली नव्हती, तात्पुरती हलवली होती. ती म्हणाली, "गोणीत?"

मी गोणी पाठीमागे धरली. मग तीच म्हणाली, "माझं काय नाय. तिलाच इचारा, येते का."

विचारलं. आजूबाजूला कोणी नाही असं समजून विचारलं. सगळा पाडा उभा होता. ठकीने माझ्याकडे पाहिलं, महिन्यापूर्वी जाळीकडे पाहून माझ्याकडे पाहिलं होतं तसंच, आणि कूस बदलून पाठ केली. बायका पदरात तोंड घालून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "रुसलीय. सासरी नाय यायची आता."

रिकाम्या गोणीसह परत. रोहिदास संपूर्ण घाट उतरेपर्यंत शीळ वाजवत होता.

११ एप्रिल.

उंदरांचा बंदोबस्त सापळ्यांनी चालू आहे. मंद गतीने. ठकी हे काम फुकट करत होती, ही नोंद फक्त तांत्रिक.

मुखवटा. माळ्याच्या दाराची जाळी कापून गालांचा सांगाडा केला. त्या जाळीचा एवढा तरी उपयोग. वर कागदाचा लगदा, खळीऐवजी फेव्हिकॉल, त्यात मोरचूद, म्हणजे पुन्हा कोणी चाखणार नाही. वरून पांढऱ्या सिमेंटचा पातळ हात.

सिंह मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. जुन्या मुखवट्याकडेही कधी नीट पाहिलं नव्हतं. मोठी अडचण येईल असं वाटलं होतं. आली नाही. डोळ्यांतलं अंतर, नाकाचा उतार, तोंडाची रुंदी, सगळं आपोआप येत गेलं. हात एकदाही अडखळला नाही. हा प्रशिक्षणाचा फायदा.

१३ एप्रिल.

पिवळा ऑइलपेंट, दोन हात. मिशा बाइंडिंग वायरच्या, तीन-तीन. डाव्या कानाला बारीकशी खाच ठेवली. का ते सांगता येणार नाही, तिथे काहीतरी हवं असं वाटलं.

लांब उभी राहून पाहिलं. उग्र आहे. तुच्छतेने पाहतो आहे. देव असाच पाहत असणार. समाधान वाटलं.

१५ एप्रिल.

हरिभाऊ आणि काकू आले. आल्याआल्या पाय धुऊन हरिभाऊ माळ्यावर गेले. मी खाली उभी. मग मुखवटा छातीशी धरून उतरले, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

म्हणाले, "उंदीर?"

हो, म्हणाले.

"ठकी?"

सूर्यमाळला आहे.

"कशाला?"

काकूंनी मुखवट्याकडे नीट पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. रडल्या असाव्यात.

हरिभाऊ मुखवट्याच्या गालावरून हात फिरवत राहिले. "माझ्या वडलांनी हे तोंड केलं होतं," एवढंच म्हणाले. मला नव्हे. घर खाली करायचं का, मी विचारलं. म्हणाले, "बोहाडा होऊ दे. गावातले जाणते हे तोंड नाचवू देतात की नाही, ते आधी बघायचं."

नळाची चिंधी सुटली आहे. कोणी बांधली नाही.

१७ एप्रिल.

बॅग भरली. दादाला पत्र लिहायला घेतलं. "प्रिय दादा" पर्यंत झालं.

काकू दारात आल्या. म्हणाल्या, जाणत्यांनी तोंड पाहिलं. बराच वेळ एकमेकांकडे बघत होते, मग म्हणाले, नाचवा. "तुम्ही पण यायचं. केलंय तुम्ही, तर उभं राहून बघायचं."

शिक्षा असावी. जाणार.

१९ एप्रिल, सोमवार. दुपार.

काल गेले होते. क्रमाने लिहिते.

गणपती झाला, सरस्वती झाली, मारुती झाला. मग नृसिंह. टेंभ्यांच्या उजेडात हरिभाऊ पुढे आले. संबळ जोरात. दरवर्षी नृसिंह आला की पोरं आयांच्या मागे लपतात म्हणे. काल कोणी लपलं नाही. मग पुढे बसलेली एक चिमुरडी स्पष्ट आवाजात म्हणाली, "आये, मांजर!"

मी पाहिलं. मी आठवडाभर ते तोंड केलं होतं, रंगवलं होतं, लांबून-जवळून तपासलं होतं. मला पहिल्यांदा दिसलं.

ठकी. हुबेहूब. कान, खाच, तुच्छता, सगळं.

मागून कोणीतरी म्यांव केलं. मग सगळीकडून. संबळवाल्याचा हात हसण्याने चुकला. माझी नजर जमिनीवर. हरिभाऊ थांबले, आणि मला वाटलं, संपलं. त्यांचं आणि माझंही. मग त्यांनी गुडघे वाकवले, त्या गुडघ्यांनी, आणि दबत दबत, पाठ उंचावून, रमत निघाले, ओल्या सिमेंटवरून ती चालली होती तसे. मधेच थांबून पंजा चाटला. हसून हसून लोक जमिनीवर. फेरी संपल्यावर "पुन्हा, पुन्हा" झालं. पुन्हा केलं. पोरं मुखवट्याला हात लावायला धावली.

आज सकाळी मुखवटा पुसताना ते म्हणाले, "चाळीस वर्षं लोक मला भ्यायले. यंदा पहिल्यांदा जवळ आले." बोलताना गुडघ्याला शेक चालला होता. यात माझी स्तुती आहे की कसं, ठरवता आलं नाही.

घराबद्दल विचारलं. पुतण्या पुढच्या वर्षी हेच तोंड नाचवणार म्हणतोय, तेव्हा माळा राखायला हवा. मी राहू शकते. ठकी परत येईपर्यंत राखण माझी. ती येईल असं सुकीबाईंनी रोहिदासकडून कळवलं आहे. पावसाळ्यानंतर, तिला वाटलं तर. तोवर माळ्याच्या तोंडाशी माझी खाट. काकू म्हणाल्या, "दूध मी आणून देईन." त्या विनोद करत नाहीत हे मला आता माहीत आहे.

दादाचं पत्र फाडलं.

मुखवटा माळ्यावर ठेवण्याआधी पाटावर मांडून पूजा झाली. घरातल्या प्रत्येकाने नमस्कार करायचा असतो. हरिभाऊ, काकू, पुतण्या, मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले. नाइलाज होता. गुडघे टेकले, डोकं टेकवलं.

मिशा टोचल्या. बाइंडिंग वायरची टोकं आत वळवायची मी विसरले होते.